गोलूच्या पायऱ्या मांडण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्यापाशीच बसून राहिले. सासूबाईंनी मदुराईहून बाहुल्यांची पेटी पाठवली, यंदा त्यांना इकडे येणं जमत नाही, आणि एडिसनच्या दोन खोल्यांच्या घरात नऊ दिवसांचा गोलू, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची तमिळ रीत, आता तुला एकटीला मांडायचाय. त्यात लेक पावडै, म्हणजे तमिळ मुलींचा तो लांब परकर, घालायला तयार नाही. "मावशी, मी सांगलीची. हे सगळं मी करायला लागले तर नाटक वाटेल का गं?" हे तू विचारलंस तेव्हा मी नुसतं "छे गं" म्हटलं. एवढ्यावर भागण्यासारखा तुझा प्रश्न नव्हता, म्हणून सविस्तर लिहितेय.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी याच प्रश्नासकट न्यू जर्सीत आले. सासर तमिळ, कुंभकोणमचं. पहिल्या नवरात्रात सासूबाई इथे होत्या. त्यांनी सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी पेटी बाहेर काढली आणि मला पहिली बाहुली पायरीवर ठेवायला सांगितली. माझा हात अडखळला. आपल्याकडे त्या दिवशी कुणी नवं काही मांडायला घेत नाही. त्यांना ते कळलं असावं. म्हणाल्या, "आमच्याकडे याच दिवशी बसवतात. आमचेही पितर आजच येतात, त्यांनाही बाहुल्या बघू देत." त्या दिवसापासून माझा हात कधी अडखळला नाही. परका रिवाज अंगवळणी पडतो तो असाच, कुणी तरी कारणासकट एकेक काम हातात देतं तेव्हा. तुझ्या सासूबाई इथे नाहीत म्हणून ते कारण तू फोनवर विचारून घे. रोज एक विचार. त्यांनाही बरं वाटेल.

पेटी उघडशील तेव्हा घाई करू नकोस. माझ्याकडच्या बाहुल्या सासऱ्यांच्या जुन्या वेष्टीच्या, म्हणजे तमिळ धोतराच्या, तुकड्यांत गुंडाळलेल्या आहेत. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं सुती कापड, कडेची हिरवी रेघ अजून दिसते. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण दर भाद्रपदात त्यांची वेष्टी माझ्या हातात येते. तुझ्या पेटीतही असं काही ना काही निघेल. ते फेकून बबल रॅप आणू नकोस.

पायऱ्या विषम संख्येत असतात: तीन, पाच, सात, नऊ. तुझ्या घरात तीन पुष्कळ झाल्या. लाकडी पायऱ्या विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. पुस्तकांनी भरलेली खोकी, वर फळी, फळीवर पांढरी वेष्टी ताणून चारी बाजूंनी टाचण्या. आमचे पहिले चार गोलू बॅगांवर उभे राहिले. वर कलश आणि देव, मध्ये संत आणि राजेराण्या, खाली माणसांचा संसार: लग्नाची मिरवणूक, बाजार, आणि धान्याचं दुकान मांडून बसलेले चेट्टियार नवराबायको. त्यांच्यापुढे छोट्या वाट्यांत खरे तांदूळ, तूरडाळ, गूळ ठेवायचा असतो. ते काम लेकीला दे. सहा वर्षांच्या मुलीला दुकान सांभाळायला मिळालं की ती तिथून हलत नाही.

पेटीत लाकडाची एक जोडी असेल, नवरा आणि बायको, गडद लालसर रंगाची. तिला 'मरप्पाची' म्हणतात. रक्तचंदनाच्या लाकडाची करतात. आई लेकीला लग्नात ती जोडी देते आणि तिथून तिचा स्वतःचा गोलू सुरू होतो. तुला आईकडून ती मिळणं शक्य नव्हतं, म्हणून सासूबाईंनी पाठवली असणार. याचा अर्थ तू नीट समजून घे. त्यांनी तुला सुनेच्या नव्हे, लेकीच्या जागी बसवलंय. या जोडीला दरवर्षी नवे कपडे करतात. ब्लाउजपीसची कात्रणं, थोडी जर, सुईदोरा घेऊन एका संध्याकाळी लेकीसोबत बस.

आणखी एक सांगते. गोलूत बरेच जण एक बाग करतात. ताटात माती घालून मोहरी नाहीतर नाचणी पेरतात, नऊ दिवसांत हिरवी लव उठते. तुझी आई सांगलीत घटाखाली नऊ धान्यं पेरते. पत्रावळीवरची ती माती आणि गोलूतली ही माती यांत मला तरी फरक दिसत नाही. एकाच ताटात दोन्हीकडचं पेर.

तुझ्या "मी मराठी" या प्रश्नाचं एक उत्तर तंजावरला दगडावर कोरलेलं आहे. 1670च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजांनी तिथे गादी स्थापन केली, ती 1855पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तमिळ राजाने बांधलेल्या देवळाच्या भिंतीवर मराठी, आणि दोनशे वर्षांत ती कुणी खरवडून काढली नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या की त्यांच्या गल्लीत एक कुटुंब घरात जुनं मराठी बोलायचं आणि गोलू मात्र साऱ्या गल्लीसारखाच मांडायचं. त्या घरातल्या बायकांना आपण नाटक करतोय असं एक दिवसही वाटलं नसेल.

आता कपड्यांचं. इथे मी स्वतः चुकलेय, म्हणून जरा जास्त लिहिते.

माझी लेक लहान असताना तिचा रेशमी पावडै वर्षातून दोनदा निघायचा. हॉल भाड्याने घेऊन शनिवारी कार्यक्रम, दोन तास फोटो, घरी आल्याआल्या कपडे काढून कपाटात. कमरेला जर टोचायची, तिला पळता यायचं नाही, आणि मी सारखी "डाग पडेल" म्हणून ओरडायचे. चौदाव्या वर्षी तिने स्वच्छ सांगितलं की मी हे घालणार नाही. दोष तिचा नव्हता. मी तिला तो कपडा फोटोपुरताच दिला होता. त्या कपड्यात तिने कधी जेवण केलं नव्हतं, खेळ खेळला नव्हता, झोप काढली नव्हती.

म्हणून तू रेशमापासून सुरुवात करू नकोस. सुती पावडै शिव, आतून मऊ अस्तर लाव, आणि शिवणाऱ्या बाईंना घेराच्या खालच्या बाजूला दोन-तीन चुण्या आडव्या घालायला सांग. मूल वाढेल तशी दरवर्षी एक चूण उसवायची. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग ताजा निघतो, आणि शिलाईची एक बारीक रेघ कायमची राहते. माझ्या लेकीच्या एका पावडैवर अशा तीन रेघा आहेत. आज ती तिशीची आहे, आणि आपण कुठल्या वर्षी किती उंच होतो ते त्या रेघांवर बोट ठेवून सांगते. परवा तिने तो माझ्याकडून मागून नेला.

पावडै घालून लेकीला रांगोळीला बसव. तमिळ कोलम तांदळाच्या पिठाचं असतं, चिमटीतून सोडायचं. मुंग्या आणि चिमण्यांनी खावं म्हणून ते पिठाचं. तुझा हात आपल्या रांगोळीला सरावलेला आहे, तेव्हा ठिपके जमतील. ठिपक्यांभोवतीनं न तुटता फिरणारी रेघ मात्र वेळ घेईल. पीठ तिच्या कपड्यांवर सांडू दे.

तुझ्यासाठी म्हणशील तर कांजीवरम दशमीला नेस. एरवी चेट्टिनाडची सुती साडी घे. मोठ्या चौकटी, रुंद काठ, विटकरी आणि मोहरी रंग. नेसून भांडी घासता येतात, आणि नऊ दिवसांत भांडी भरपूर पडणार आहेत. पहिली धुणी गार पाण्यात मीठ घालून, वेगळी. कांजीवरम नेसशील तेव्हा काठ आणि अंग जिथे जुळतात त्या जागी बोट फिरव. जुन्या पद्धतीच्या साडीत काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळा आणि अंगाचा वेगळा असतो, आणि विणताना ते दोन्ही एकमेकांत अडकवत जातात. त्याला कोरवै म्हणतात. त्यासाठी मागावर दुसरं माणूस लागतं. लेकीला ती जागा दाखव. ज्या कापडामागची मेहनत मुलाला कळते, ते टोचलं तरी मूल सहन करतं.

मडिसार, म्हणजे तमिळ ब्राह्मण बायकांची नऊवार साडी, आत्ताच नेसायचा हट्ट धरू नकोस. आपल्या नऊवारीची ती सख्खी बहीण आहे, कासोटा आहेच. पण त्यांच्यातल्या अय्यर बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात आणि अय्यंगार डाव्या. सासूबाई येतील तेव्हा त्यांच्या हातूनच शीक.

नवऱ्याला वेष्टी नेसायला लाव. वेलक्रोची चालेल, लाजायचं काही कारण नाही. 2014मध्ये चेन्नईत एका क्लबने वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आत सोडलं नाही, तेव्हा असा मज्जाव करण्याविरुद्ध त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने कायदा केला. तुझ्या नवऱ्याने वेष्टी नेसून दारात उभं राहून पाहुण्यांना "वांगो", म्हणजे "या", म्हणावं. सगळा सण बायकोच्या अंगावर आणि तो जीन्समध्ये सोफ्यावर, हे माझ्या घरी दहा वर्षं चाललं, तुझ्याकडे एक दिवसही चालू देऊ नकोस.

सण शनिवारी ढकलायचा का, असंही विचारलंस. माझं मत कडक आहे: गोलू ढकलू नकोस. एका संध्याकाळी साठ माणसं बोलावण्यापेक्षा नऊ संध्याकाळी चार-चार येऊ देत. पिट्सबर्गचं व्यंकटेश्वराचं देऊळ 1976चं, फ्लशिंगच्या गणपतीची प्रतिष्ठापना 1977ची. त्याच्याही आधी इथे आलेल्या बायकांनी हँडबॅगेत चार बाहुल्या आणून कामावरून परतल्यावर रोज दिवा लावला. तुला तर ओक ट्री रोडवर विड्याची पानंसुद्धा मिळतात. येणारीला पानसुपारी, हळकुंड, कुंकू, एक केळं. ओटीच समज.

आलेल्या पाहुणीला गायला सांगायची रीत आहे. तुझी पाळी येईल तेव्हा भोंडल्याचं गाणं म्हण. मी म्हटलं होतं, सासूबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला. आणि सुंदलच्या, म्हणजे प्रसादाच्या उसळीच्या, डब्याचं झाकण बंद ठेवून मुलांना खिरापत ओळखायला लाव. आमच्याकडे तमिळ मुलं आता स्वतःहून डबा हलवून आवाज ऐकतात.

पोंगलचं, म्हणजे तमिळ संक्रांतीचं, जानेवारीत बोलू. त्याचं कांशाचं भांडं इंडक्शनवर तापत नाही, तेवढं मात्र आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे सासूबाईंकडून ते मागवायच्या आधी शेगडीचा विचार करशील.

दशमीच्या रात्री आरती झाली की मरप्पाची जोडी आडवी करून निजवायची असते. हे फक्त लेकीने करावं. दिवे मालव, तिला हळू आवाजात "झोपा" म्हणू दे, तमिळमध्ये किंवा मराठीत, तिला येईल तसं. पेटी दुसऱ्या दिवशी भर.

मी शुक्रवारी संध्याकाळी येते, टाचण्या आणि फळी घेऊन. काळे हरभरे गुरुवारी रात्रीच भिजत घाल, सकाळी भिजवलेले शिजत नाहीत. सुंदल म्हणजे आपली कोरडी उसळच, कांदा-लसूण वगळून. मोहरी, उडीदडाळ, लाल मिरची, हिंग यांची फोडणी, आणि खोबरं गॅस बंद केल्यावर. कढीपत्ता विकत आणू नकोस, माझ्या कुंडीतला आणते.

तुझी,
मावशी