प्रश्न तुमचे: जर्नलिझम करतीये, पण पुढं नक्की काय?

प्रश्न:

ताई नमस्कार, तुमचं सदर मी लायब्ररीत वाचते, विकत घेत नाही त्याबद्दल सॉरी, मेसचे पैसे भरल्यावर मासिकाला उरतच नाहीत. मी पुण्यात एमए जर्नलिझम करतीये, शेवटचं वर्ष, चौथं सेम चालू आहे. मूळची माढा तालुक्यातली, सोलापूर जिल्हा. इथं नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते, रूममध्ये आम्ही चौघी, बाकीच्या तिघी एमपीएससीवाल्या. त्या रोज सकाळी हायलायटर घेऊन पेपरवर तुटून पडतात आणि मला म्हणतात तू लिही, आम्ही पाठ करतो.

प्रॉब्लेम असा आहे की मला सगळंच आवडतं आणि त्यामुळं काहीच ठरत नाही. पहिल्या सेमला वाटलं अँकर व्हायचं, मग प्रॅक्टिकलला एक सर म्हणाले तुझ्या बोलण्यात गाव येतं (येतं तर येतं, पण दोन दिवस मी वर्गात तोंडच उघडलं नाही). मग लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये सिनेमे बघायला जायला लागले आणि डॉक्युमेंट्रीचं खूळ शिरलं. मग पॉडकास्ट, एक एपिसोड केला, तो मी आणि माझ्या बहिणीनं ऐकला. इतिहासाच्या पेपरला दर्पण १८३२, ज्ञानप्रकाश १८४९, दीनबंधु १८७७, केसरी १८८१, सकाळ १९३२ असं घोकून घोकून पाठ केलं, मार्कही चांगले पडले, पण याच्यातनं नोकरी कशी लागते ते कुठल्याच युनिटमध्ये नाहीये.

गेल्या पावसाळ्यात एका पोर्टलला इंटर्नशिप केली, नाव लिहीत नाही. दिवसाला बारा बातम्या, म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्या इकडच्या तिकडं करून टाकायच्या, खुर्चीतून उठायचं कामच नाही. धरणातून पाणी सोडलं तेव्हा मी लिहिलं, ३५ हजार क्युसेक प्रति सेकंद वेगाने विसर्ग. तासाभरात ऑफिसला एका रिटायर्ड इंजिनिअर काकांचा फोन, की क्युसेकमध्येच सेकंद आहे हो, परत कशाला घातलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि सीनियर म्हणतात जाऊ दे गं, कोण बघतंय. संध्याकाळी मी तशीच चालत भिडे पुलापाशी गेले तर पूल दिसतच नव्हता, बॅरिकेड लावलेले, पाणी चहाच्या रंगाचं, आणि त्यात एक प्लास्टिकची खुर्ची, सरळ उभी, कुणीतरी बसलंय अशी, ती तशीच वाहत गेली. अख्खी गर्दी मोबाईल वर धरून आणि एक आजोबा तेवढे नदीला हात जोडून. तेवढ्यात बाबांचा फोन. जेवलीस का वगैरे काही नाही, पहिलं वाक्य, "दौंडला किती चाललंय गं?" कारण आमचा ऊस उजनी धरणावर, आणि दौंडवरनं गेलेलं पाणी तिथं येतं. पुण्यात पाणी तुंबलं की आमच्याकडं लोक खूश होतात, हे मी इथं कुणाला सांगत नाही. रूमवर आले तर घरमालकीण आजी जिन्यात उभ्या, माझे पाय बघून म्हणाल्या नदीवर गेलीवतीस ना, आणि मग त्यांनी पानशेतचा पूर सांगायला घेतला, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. मेस बंद झाली तरी आम्ही जिन्यातच.

असो, विषय भरकटला. प्रिंट, टीव्ही की डिजिटल, स्कोप कशात आहे? मैत्रिणी म्हणतात पीआरमध्ये जा, पैसे बरे असतात. घरचे म्हणतात एमपीएससी दे नाहीतर नेट दे. आणि मला नक्की काय आवडतं हे मला कसं कळणार? चार पानं झाली, कापून घ्या.

– म., नारायण पेठ

उत्तर:

म., रील्सवरचं पान तेवढं कापलं, त्यात तुलाच मधे कंटाळा आला होता. बाकी ठेवलंय.

"असो, विषय भरकटला" इथं आले आणि मी पत्र परत पहिल्यापासून वाचलं. अर्काइव्हमध्ये सिनेमे बघितलेस म्हणतेस, एकाचंही काही सांगितलं नाहीस. पॉडकास्ट कशावर होता ते पण नाही. आणि नदीपाशी आलीस की लगेच खुर्ची उभी वाहत गेली, बाबांचा फोन आला, आजी जिन्यात आल्या. तुला काय आवडतं ते तुला कळत नसेल तर नसू दे, तुझ्या हाताला कळलंय.

तेव्हा प्रिंट की डिजिटल हे तूर्त बाजूला ठेव. मी या धंद्यात आले तेव्हा जी कामं शिकायला लोक धडपडायचे त्यातली निम्मी आता उरलीच नाहीत, माध्यमाचं हे असंच असतं. बीट धर, म्हणजे एकच विषय पकडून सतत त्याच्याच बातम्या कर. तुझी बीट पाणी आहे आणि ती तुझ्या घरातूनच आलीये, फक्त कोर्समध्ये तिचा पेपर नाही म्हणून ती तुला अभ्यास वाटत नाहीये.

आता त्या क्युसेकचं. काका बरोबर, एक घनफूट पाणी एका सेकंदात म्हणजे एक क्युसेक, साधारण २८ लिटर. पण एवढ्यावर थांबू नकोस, पुढचा हिशोब कर. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केलास की ११,५७४ येतात, म्हणजे साडेअकरा हजार क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी गेलं. हा एक आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेव, जन्मभर पुरेल. तुझे ३५ हजार क्युसेक दिवसभर चालले तर तीन टीएमसी होतात, आणि खडकवासला धरण अख्खं दोन टीएमसीचंही नाही! पानशेत, वरसगाव, टेमघर वर, खडकवासला सगळ्यात खाली आणि एवढंसं, चारी मिळून २९ टीएमसीच्या आसपास. म्हणून पानशेत, वरसगाव भरायचे बाकी असले तरी खडकवासला आधी भरतं आणि नदीत पाणी सोडावं लागतं. लोक विचारतात धरणं भरली नाहीत तरी पाणी का सोडलं, त्याचं उत्तर हे आहे. बारा बातम्यांच्या ढिगात हे कुणी लिहीत नाही, आणि तू लिहिलं असतंस तर त्याच काकांनी परत फोन केला असता, यावेळी वेगळ्या कारणानं.

लाज वाटली हे चांगलं झालं. मी पालिका बीटला नवी होते तेव्हा एमएलडीच्या (दिवसाला दशलक्ष लिटर) जागी टीएमसी लिहिलं, आणि डेस्कवर रात्री कुणी बघितलं नाही. म्हणजे मी पुणेकरांना रोज बाराशे टीएमसी पाणी पाजलं, दिवसाला दहा उजनी. दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले तर त्यांनी काही न बोलता पाण्याची बाटली माझ्यापुढं सरकवली. तुझ्या सीनियरचं "कोण बघतंय" मात्र डोक्यातून काढून टाक, बघणारा बरोबर बघत असतो.

आणि उजनी तर तुझी हक्काची. इथल्या मुलांना उजनी मायनसमध्ये गेली म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, तुला नाही. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी, त्यामुळं टीव्हीवर उजनी शून्य टक्के अशी पट्टी आली तरी आत ६० टीएमसीच्या वर पाणी असतं, म्हणजे पुण्याची चारी धरणं भरल्यावर होतं त्याच्या दुप्पट. हे पुण्यात बसून लिहिणाऱ्याला कागदावरनं कळतं आणि तुझ्या बाबांना मोटर कुठंपर्यंत पाणी ओढते त्यावरनं.

बाबांचं ते "दौंडला किती चाललंय" हे वाक्य मला फार आवडलं. कारण भिडे पुलावरनं जे गेलं ते संगमावर मुळेला मिळून बंडगार्डनवरनं पुढं भीमेत आणि दौंडवरनं उजनीत. पुणेकरांच्या दृष्टीनं नदी बंडगार्डनला संपते. तुमच्याकडं ती दौंडला सुरू होते. मधला पट्टा मोकळा पडलाय, तो घे. फक्त पुराचं नको, पूर दोन महिन्यांचा, मैलापाणी बारमाही. पुण्यानं नदीत सोडलेलं उजनीत जातं. जायका या जपानी संस्थेच्या पैशातला नदी सुधारणा प्रकल्प, त्याचा करार २०१६ चा, त्यात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, त्यातलं एकेक जाऊन बघ, गेटवर आत सोडलं नाही तर ते पण लिही. मग कालव्याचं भांडण आहेच, शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, दरवर्षी कालवा समितीची बैठक आली की तेच. तो मुठा उजवा कालवा २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ फुटला होता, भर दिवसा वस्तीत पाणी. आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांचा सवाल एकच, आम्हाला आधी कळवलं का नाही. पाणी सोडायचं किती वाजता ठरलं, पालिकेला निरोप किती वाजता गेला, घरोघरी किती वाजता पोचला. या तीन वेळा मिळवल्या की बातमी झाली, बाकी सगळं वर्णन.

त्यासाठी माहिती अधिकार. तुमच्या सिलॅबसमध्ये असणारच, पण अर्ज किती जणांनी केलाय विचार वर्गात. कायदा लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला आणि पहिला अर्ज पडला तो पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात. फी दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत, हे तुझ्या चार पानी हाताला जरा जड जाईल. मंगळवार पेठेत सिंचन भवन आहे तिथं एकदा चक्कर मार, आधी नुसती बघून ये कोण कुठं बसतं.

आता तुझे राहिलेले प्रश्न पटापट. पीआरमध्ये पैसे खरंच बरे असतात आणि त्यात पाप काही नाही, पण दोन वर्षं बातमीत काढून जा, नंतर गेलेल्यांना तिथं भावही जास्त मिळतो. एमपीएससीतून जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदं भरतात, तुझी पदवी तिथं उपयोगी पडते, जाहिरात आली की अनुभवाची अट नीट वाचून फॉर्म भर, पण तिची वाट बघत रूममधली चौथी हायलायटरवाली होऊ नकोस. नेट शिकवायचं असेल तरच. घरी सांगताना "नोकरी बघतीये" म्हण, "बीट शोधतीये" म्हणालीस तर बाबा शेतातलं बीट समजतील.

बोलण्यात गाव येतं म्हणणाऱ्या सरांचं मी काय सांगू. दौंडच्या पुढं माईक घेऊन गेलीस की ज्याला लोक दारातनं आत घेतील तो तुझा हा आवाज आहे, अँकरिंगच्या मार्कांसाठी तो घासूनपुसून टाकू नकोस.

दीनबंधु लिहिलंस ते बरं केलंस, बरेच जण थेट केसरीवर उडी मारतात. कृष्णराव भालेकरांनी तो पुण्यातच काढला. आणि केसरीवाडा तुझ्याच पेठेत आहे, तिथं अजून गेली नसशील तर सनावळी पाठ करून काय उपयोग.

पॉडकास्टचा दुसरा एपिसोड आजींवर कर. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, कुठल्या लायब्ररीत त्या आठवड्याच्या पेपरच्या फायली मिळतात ते बघ आणि आजी सांगतात त्याच्या शेजारी ठेव, जिथं जुळत नाही तिथं परत विचार. कसं वाटलं असं विचारू नकोस, त्याला सगळे सारखंच उत्तर देतात. आणि एक गोष्ट तू लिहायचीच राहिलीस, आजी तेव्हा याच घरात होत्या का? आधी ते विचार. होत्या म्हणाल्या तर मग पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला होतं ते, आणि जिना तोच आहे का.