बर्फ पडल्यावर जिओकॅशिंग सुरू करावे का?

प्रश्न : आम्ही नुकतेच पुण्याहून कॅनडातील मिसिसागा येथे राहायला आलो आहोत. डिसेंबर लागल्यापासून मुले घरात कंटाळली आहेत. शेजाऱ्यांनी जिओकॅशिंगचा, म्हणजे मोबाइलवरील जीपीएसच्या मदतीने इतरांनी लपवलेल्या डब्या शोधण्याचा, छंद सुचवला. परंतु सगळीकडे बर्फ असताना लपवलेली डबी सापडणार कशी? वसंत ऋतूपर्यंत थांबावे का?
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : थांबण्याचे कारण नाही. मात्र हिवाळ्यात डबी कशी शोधावी यापेक्षा कोणती शोधायला निघावे, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे असते आणि ते काम घरीच करावे लागते. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव मे २००० मध्ये दूर केली आणि लगेच, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात या खेळातली पहिली डबी लपवली गेली. तरीही मोबाइल आजही आपल्याला डबीपासून काही मीटरपर्यंतच नेऊन सोडतो. पुढचे काम डोळ्यांचे, आणि बर्फ नेमका तेथेच आडवा येतो. म्हणून जमिनीलगत किंवा ओंडक्याखाली ठेवलेल्या डब्या सध्या सोडून द्याव्यात आणि झाडाला टांगलेल्या किंवा कठड्याला लोहचुंबकाने चिकटवलेल्या डब्या निवडाव्यात. पाने गळून गेल्याने झाडावरची डबी उन्हाळ्यापेक्षा लवकर दिसते, हा हिवाळ्याचा फायदाच म्हणायचा.

जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर प्रत्येक डबीच्या पानावर शोधाची आणि वाटेची अवघडता १ ते ५ अशा श्रेणीत दिलेली असते. मुलांसह आरंभ करताना दोन्ही आकडे दीडच्या आत असावेत. हिमकणाचे चिन्ह म्हणजे डबी हिवाळ्यातही मिळू शकते असे लपवणाऱ्याचे मत. त्यावर विसंबण्यापेक्षा मागील वर्षांच्या जानेवारी-फेब्रुवारीतील शोधकांच्या नोंदी त्याच पानावर वाचाव्यात, कारण भर बर्फात ती कोणाला सापडली होती की नाही, हे त्यांतून लगेच कळते.

डबीतल्या नोंदवहीत नाव लिहिण्यासाठी सोबत पेन्सिल न्यावी, कारण थंडीत पेनची शाई गोठते. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, एरवी बॅटरी पाहता पाहता उतरते. मिसिसागात डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर लगेच निघणे बरे. गोठलेले तळे ओलांडून जवळची वाट तर मुळीच धरू नये. झाकण गोठले असल्यास जोर लावू नये, कारण गारठलेले प्लास्टिक तडकते. थोडा वेळ हातांच्या उबेत धरल्यास ते बहुधा सुटते. बंद करण्यापूर्वी झाकणाची कड कोरड्या फडक्याने पुसावी. कडेत अडकलेले बर्फाचे कण पुढे वितळतात आणि आतली नोंदवही भिजून लगदा होते. परतताना त्याच पावलांनी मागे न फिरता थोडे पुढे जाऊन वळसा घ्यावा, म्हणजे आपल्या पाऊलखुणा थेट डबीपाशी संपणार नाहीत आणि पुढच्या शोधकाची मजा जाणार नाही.

डबी सापडली नाही, तर तिच्या पानावर तशी नोंद संकोच न करता करावी. एकापाठोपाठ अशा नोंदी आल्या, की लपवणारा स्वतः जाऊन डबी जागेवर आहे का, हे तपासतो.