सुनेच्या माहेरचं घर कुणाच्या नावावर?

प्रश्न : मुलगा दुबईत नोकरीला आहे. सून फिलिपिन्सची, तीही दुबईतच नर्स. तिच्या माहेरी, इलोइलो शहराला लागून असलेल्या पाविया गावात एक रो-हाऊस स्वस्तात मिळतंय. आधीच्या माणसाला हप्ते झेपत नाहीत; त्याला काही रोख द्यायची आणि उरलेले हप्ते आपण भरायचे. होटगी रोडचा प्लॉट विकून पैसे पाठवायचा विचार आहे. घर मुलाच्या नावावर होईल ना? सुनेच्या मामांनी टॅक्स डिक्लरेशनची प्रत पाठवली आहे, तेवढी पुरेल का?
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : गुरुजी, मुलाच्या नावावर होणार नाही. फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेनं परदेशी माणसाला जमीन विकत घ्यायला मनाई केली आहे. वारसाहक्कानं आली तर गोष्ट वेगळी. रो-हाऊस म्हटलं की खाली जमीन आलीच. टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, सुनेच्या नावानं निघेल, पुढं 'अमक्याशी विवाहित' असं लिहितील. त्या शब्दांवर भिस्त ठेवू नका, त्यानं मालकी येत नाही. पुढं बिनसलं तर पैसे परत मागायचीही सोय नाही. एका जर्मन नवऱ्यानं वडिलोपार्जित मालमत्ता विकून मनिलाजवळ अँटिपोलोत जमीन घेतली, घर बांधलं, सगळं बायकोच्या नावावर. संसार मोडल्यावर पैशासाठी कोर्टात गेला. बंदी ठाऊक असताना घेतली, मग दाद कसली, असं म्हणत २००६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याला परतावा नाकारला.

सुनेवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पाठवायचे तर सुनेला दिले असं समजून पाठवा. पण तो प्लॉट हीच म्हातारपणाची पुंजी असेल, तर विकू नका, हे माझं स्पष्ट मत.

आता मामांचा कागद. टॅक्स डिक्लरेशन म्हणजे आपल्याकडचा घरपट्टीचा उतारा. कराला नाव कुणाचं, एवढंच त्यातून कळतं. गुंठेवारीचा प्लॉट नोटरीवर घ्यायचा, घरपट्टीला नाव लावायचं आणि मालक झालो म्हणायचं, अशी मंडळी आपल्या सोलापुरात काय कमी आहेत? पावियात तरी तसं नको. रजिस्ट्री ऑफ डीड्समधून, म्हणजे तिथल्या नोंदणी कार्यालयातून, टायटलची प्रमाणित प्रत काढायला सांगा आणि मागची बाजू आधी वाचा. गहाण, कोर्टाचा दावा, सगळं तिथं नोंदवलेलं असतं. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असतात तसं.

खरी मेख त्या हप्त्यांत आहे. असल्या व्यवहाराला तिकडं 'पासालो' म्हणतात. रोख मोजली की चावी मिळते, कर्ज मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहतं. तुम्ही इमानेइतबारे हप्ते फेडणार आणि शेवटी टायटल सुटणार त्याच्या नावानं. तो परगावी गेला, वारला किंवा फिरला, तर सुनेनं सहीसाठी कुणाचं दार वाजवायचं? म्हणून कर्ज देणाऱ्यानं, मग तो सरकारी पाग-इबिग फंड असो, बँक असो की बिल्डर, लेखी संमती देऊन खातं सुनेच्या नावावर केल्याशिवाय रोख देऊ नका. थकबाकीचा आकडाही त्या कर्ज देणाऱ्याकडूनच घ्या. विकणारा 'आज द्या, नाहीतर माझं सगळं बुडेल' म्हणाला तर घाबरू नका. थेट बिल्डरकडे किमान दोन वर्षं हप्ते भरले असतील, तर करार रद्द करताना बिल्डरला भरलेल्यातली निम्मी रक्कम या विकणाऱ्याला परत द्यावी लागते. १९७२ चा कायदाच आहे तसा.

वरखर्चही धरा. ६ टक्के भांडवली नफा कर विकणाऱ्याचा असला, तरी 'तोही तुम्हीच भरा' असं म्हणू शकतो, आधीच ठरवून घ्या. शिवाय दीड टक्का मुद्रांक कर. दोन्ही करारातल्या किमतीवर किंवा झोनल व्हॅल्यूवर, म्हणजे तिथल्या रेडी रेकनरवर, जास्त असेल त्यावर लागतात. पैसे बँकेतूनच पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. हवाल्याचं नावही काढू नका.

मुलाच्याच नावावर हवं असेल, तर काँडोमिनियममधला, म्हणजे अपार्टमेंटच्या इमारतीतला, फ्लॅट चालतो, प्रकल्पातला परदेशी हिस्सा ४० टक्क्यांच्या आत असेल तर. तो पावियापेक्षा इलोइलो शहरात शोधावा लागेल, आणि स्वस्त नसेल.

आणि हो, २००८ च्या जूनमध्ये फ्रँक वादळात तो सगळा भाग पुरात बुडाला होता. सून सुट्टीत गेली की तिला शेजाऱ्यांना विचारू द्या, पाणी भिंतीवर कुठपर्यंत चढलं होतं. मामांना नको, शेजाऱ्यांना.