चौघांचं काम, एकाचं नाव

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा प्रोजेक्ट आहे. आमच्या ऑफिसात एसव्हीएन (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर मी त्याचा सर्व्हर लावून दिला. बाकीच्या तिघांचा कोड पेनड्राइव्हवर येतो, मुलगा तो जोडतो, म्हणजे सूत्रं त्याच्या हाती राहतात. त्याला मात्र त्याऐवजी गिट हवंय. तिथे कोड सगळ्यांना दिसेल, चोरीला जाईल. शिवाय गेट परीक्षाही द्यायची आहे. काय करावं?

उत्तर : गिटच घ्या. पण पत्रात मला खटकलं ते ‘सूत्रं त्याच्या हाती’ हे वाक्य.

एसव्हीएन असो की गिट, व्हर्जन कंट्रोल कोणतंही असो, कोणती ओळ कोणी आणि कधी बदलली याची ती नोंदवही असते. तिघांचा कोड तुमचा मुलगा कमिट करतो, म्हणजे त्या वहीत नोंदवतो, तेव्हा त्या सगळ्या ओळींपुढे त्याचं नाव लागतं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी या नोंदींचा लॉग उघडून ‘हे लॉगिन असं का लिहिलंस?’ असं विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर नसेल. ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांच्या नावावर काहीच नसेल, मुलाखतीत दाखवायलासुद्धा नाही. तुम्ही हे मुलाच्या भल्यासाठी केलंत, तरी त्या तिघांवर हा अन्याय आहे. मुलाचंही नुकसानच आहे. दुसऱ्याचा कोड वाचून मत देणं, आपला परत आला तर सुधारून पुन्हा पाठवणं, एकाच फाइलमध्ये दोघांनी केलेले बदल जुळवणं, हे त्याला नोकरीत रोज लागणार आहे. पेनड्राइव्हवर तर नंतर आलेली फाइल आधीचीवर बसते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

एसव्हीएन टाकाऊ नाही. मोठ्या डिझाइन फाइल्स एकेकाने लॉक करून बदलायच्या असतील तर ते आजही सोयीचं आहे. पण कमिट करायला सर्व्हर चालू लागतो. तुमच्या घरची वीज गेली की चौघांचं कमिट अडलं.

चोरीची भीती गिट आणि गिटहब एकच समजल्यामुळे आहे. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर. सगळा इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतो, त्यामुळे कमिट नेटशिवायही होतं. गिटहब ही २००८ मध्ये सुरू झालेली, रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास, ठेवायची इंटरनेटवरची एक जागा. तिथली प्रायव्हेट रिपॉझिटरी बोलावलेल्यांनाच दिसते आणि २०२० पासून तिच्यात हवे तेवढे सहकारी फुकट घेता येतात. खरा धोका पासवर्डचा आहे. डेटाबेसचा पासवर्ड कोडसोबत कमिट झाला, तर फाइल नंतर डिलीट करूनही तो जुन्या कमिटमध्ये राहतो. म्हणून तसली फाइल पहिल्या कमिटआधीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत, घालावी. चुकून गेलीच, तर आधी पासवर्ड बदलावा.

प्रत्येकाने गिट कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगमध्ये) आपलं नाव आणि ईमेल भरावा. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर हे हमखास राहतं आणि काम भलत्याच्या नावावर चढतं. मेन ब्रँचवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य प्रतीवर, आपले बदल थेट पुश करू नयेत, म्हणजे पाठवू नयेत. प्रत्येक कामाची वेगळी ब्रँच काढावी, ती दोन-तीन दिवसांत पुल रिक्वेस्टने, म्हणजे ‘हे बदल घ्या’ अशी विनंती करून, आणावी आणि मर्ज करण्याआधी, म्हणजे मुख्य प्रतीत मिसळण्याआधी, दुसऱ्या कोणीतरी वाचावी. ब्रँच तीन आठवडे लांबली की कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांनी केलेले वेगळे बदल, सोडवताना नाकी नऊ येतात.

गेटच्या अभ्यासक्रमात यातलं काही नाही, तो अभ्यास वेगळा चालू ठेवू द्या.

घरच्या सर्व्हरवरचा जुना इतिहास गिटमध्ये आणू नका, त्यात एकच नाव आहे. चौघांनी आपापला भाग स्वतःच्या हाताने कमिट करावा. रिपॉझिटरीची आमंत्रणं चौघांनाच जाऊ द्या, पाचवं तुम्ही मागू नका.