फोटोवर बोलण्याआधी दोन मिनिटं बघ

नुसतं "मस्त!" म्हणून पुढे जाऊ नकोस आणि "जमला नाही" असंही म्हणू नकोस, दोन्हींतून फोटो काढणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आधी शांतपणे बघ. तुझी नजर पहिल्यांदा कुठे गेली, एवढं प्रामाणिकपणे सांगितलंस तरी मोठी मदत होते. त्याचं त्याला ते कळणं अवघड. तो तिथे उभा होता, वारीचा फोटो असेल तर बघताना त्याला टाळमृदंगही ऐकू येत असतो.

समजा, कुणी दिवे घाटातल्या वारीचा फोटो दाखवला आणि तो हललेला वाटतोय. मागचा डोंगरही हललेला असेल तर कॅमेरा हलला. डोंगर स्वच्छ आणि फक्त वारकरी पुसट असतील तर शटर संथ पडलं, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहिला. चालत्या माणसासाठी १/३० सेकंद फार लांब पडतो, १/२५० च्या आसपास लागतो. पण आधी त्याला विचार, ती पुसट गती हवीच होती का? चेहरे काळवंडले असतील तर पांढऱ्या कपड्यांनी कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर फसलं असेल. एक्स्पोजर एखादा स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवून बघायला सांग.

एका वेळी एकच चूक सांग, सगळ्यात मोठी. आवडलेलंही तितकंच नेमकं सांग: आजींच्या डोक्यावरच्या तुळशीवर पडलेलं ऊन, असं. आणि अगदीच नवखा असेल तर चारचौघांत नको, बाजूला घेऊन बोल. माझ्या पहिल्या फोटोंसाठी एका ज्येष्ठाने असाच शेजारी बसून पाऊण तास दिला होता.