दहावं नाणं आणि १४ दिवस

लिंकनशायरमधल्या एका मराठी वाचकाला मेटल डिटेक्टरने गेल्या ऑक्टोबरात एका शेतात सात रोमन नाणी मिळाली, आणि मार्चमध्ये नांगरटीनंतर त्याच बांधालगत आणखी सहा. शेतमालकाची लेखी परवानगी त्यांच्याकडे आहे. ते विचारतात, ‘सोनं-चांदी नाही, मग हा खजिना नव्हे ना? पुण्याला नेऊ का?’ याच धर्तीची पत्रं मला वरचेवर येतात.

नेऊ नका. इंग्लंडचा १९९६चा ट्रेझर ॲक्ट फक्त धातू बघत नाही, संख्याही बघतो. नाणी ३०० वर्षांहून जुनी आहेत यात वादच नाही. त्यांत सोनं किंवा चांदी वजनाच्या किमान १० टक्के असेल, तर एकाच ठिकाणची दोन नाणी पुरतात. त्याहून कमी असेल, तर दहा लागतात. तुमच्या फोटोंत जुळ्या बाळांना पाजणारी लांडगी आहे, निशाणाच्या दोन्ही बाजूंना उभे सैनिक आहेत, आणि खाली आजच्या जर्मनीतल्या ट्रियरच्या टांकसाळीची खूण आहे. म्हणजे ही सन ३३०नंतरची, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची नाणी दिसतात. त्यांत चांदी नावालाच असते, म्हणून दहाचा नियम.

‘सात वेगळी, सहा वेगळी’ हा हिशेब टिकणारा नाही. पूर्वी एकत्र असलेली आणि नांगराने विखुरलेली नाणी कायदा एकच साठा धरतो, मग ती केव्हाही सापडोत. मार्चमधलं तिसरं नाणं हे तुमचं दहावं होतं.

सगळा प्रश्न आता मुदतीचा आहे. कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला, १४ दिवसांत कळवावं लागतं. हे दिवस नाणी सापडल्यापासून मोजतात, किंवा हा खजिना असावा असं मानायला तुम्हाला कारण मिळालं तेव्हापासून, यातलं जे नंतरचं असेल ते. तुम्हीच लिहिलंय, ‘एप्रिलच्या सुरुवातीला लक्षात आलं, सगळी एकाच गाडग्यातली असावीत.’ आज जून संपत आला. एवढे दिवस एकाही अधिकाऱ्याला का विचारलं नाहीत? न कळवणं हा गुन्हा आहे, त्याला कैदेचीही तरतूद आहे. सबळ कारण हा बचाव आहे खरा, पण डिटेक्टर क्लबातल्या तुमच्या मित्राने ‘कांस्य चालतं’, म्हणजे कळवायला नको, असं म्हटलं हे सबळ कारण ठरेल का, याची हमी मी देणार नाही.

आणि नाणी चिंच लावून घासलीत, हे तुमच्या पत्रात वाचून मला फार वाईट वाटलं. अशा नाण्यांवर मुळात चांदीचा पातळ मुलामा असे. कुठे उरला असेल तर तो गेला, आणि त्याबरोबर किंमतही. २०१०मध्ये सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ ५२,५०३ नाण्यांचं मडकं सापडलं, तेव्हा शोधणाऱ्याने खणणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं होतं.

संग्रहालयाने नाणी घेतली तर मोबदला सहसा तुमच्यात आणि शेतमालकात वाटला जातो. उशिरामुळे तुमचा वाटा घटू शकतो, किती ते सांगता येत नाही. संग्रहालयाला नको असतील तर परत मिळतात, पण त्यात वर्ष सहज जातं आणि ही दिरंगाई मलाही असह्य होते. परत मिळाली तरी देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागेल.

उद्या सकाळी तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा, त्यांच्यामार्फत कॉरोनरला कळवता येतं. दोन्ही तारखा, जागा आणि चिंचेचं सगळं खरं सांगा. एप्रिलची नोंद असलेली वही फाडू नका.