अडीच महिन्यांच्या 'युगा'ला दुसरं वर्ष कसं?

प्रश्न असा आला आहे: जपानच्या इतिहासावरील एका मराठी लेखात 'ऱ्याकुनिन युगाचे दुसरे वर्ष' असा उल्लेख आहे. हे युग तर जेमतेम अडीच महिने टिकलं. मग दुसरं वर्ष कुठून आलं, आणि 'युग' हा शब्द बरोबर आहे का?

वर्ष बरोबर आहे, शब्द चुकला आहे. युग म्हटलं की आपल्या मनात कलियुग येतं, नाहीतर यंत्रयुग. जपानी 'नेंगो' म्हणजे वर्षं मोजायला दरबाराने ठरवलेलं नाव. ऱ्याकुनिन (उच्चार 'दऱ्या'तल्या ऱ्यासारखा) सुरू झाला आधीच्या कातेइ नेंगोच्या चौथ्या वर्षी, अकराव्या महिन्यात, २३ तारखेला. म्हणजे १२३८ च्या डिसेंबरअखेरीस. आकाशात मंगळाची लक्षणं अशुभ दिसली म्हणून नाव बदललं. मध्येच चांद्र नववर्ष आलं आणि आकडा १ वरून २ झाला. दुसऱ्या महिन्याच्या ७ तारखेला हेही नाव मोडीत काढून 'एन्ओ' धरलं.

इतकी घाई का? अरिष्टं टळावीत म्हणून नाव बदलायची तिथे रीतच होती. पण या नावाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात. पंचांग आणि सद्भाव या अर्थांची दोन अक्षरं जोडून ते केलेलं. कानाला मात्र ते 'माणसं पळवणं, नाहीशी करणं' अशा अर्थाच्या शब्दासारखं लागे. अरिष्ट टाळायला घेतलेलं नावच अभद्र ठरलं! गादीवर तेव्हा बालसम्राट शिजो होता. त्याच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत सात नेंगो झाले, त्यामुळे 'राजवट' हा प्रतिशब्दही बाद.

माझं मत 'शक'च्या बाजूने आहे. १६७४ पासून मोजला जाणारा राज्याभिषेक शक आपल्याला माहीत आहे: नाव आणि पुढे वर्षाचा आकडा. नेंगोची घडण हीच, फक्त दरबार तो हवा तेव्हा तोडून नवा सुरू करी. म्हणून 'ऱ्याकुनिन शक २ (इ. स. १२३९)' असं लिहावं. १८६८ नंतर एका सम्राटाला एकच नेंगो ठरला. १९२६ ते १९८९ चाललेल्या शोवाला 'शोवा कालखंड' म्हटलं तर खटकत नाही. मध्ययुगीन नावांना ती मुभा देऊ नये.